चोवीस शब्दांचं खूळ

आमच्या काकांना खूळ लागलंय, असं अधारतालच्या त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणतात. मीही म्हणतो. मात्र ते खूळ मी जवळून पाहिलंय, आणि ते घराघरात पसरावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे लिहितोय.

काका जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी अधारतालला घर बांधलं. राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा तलाव जवळच आहे, त्यामुळे आषाढ लागला की घरातल्या पूर्वेकडच्या भिंतीला ओल चढते. ती ओल पुढे या गोष्टीत येणार आहे.

2021 साली काकांनी थोडे पैसे बिटकॉइनमध्ये घातले. थोडे म्हणजे बुडाले तरी काकूंच्या औषधपाण्याला धक्का लागणार नाही, एवढेच. ते एका एक्स्चेंजच्या ॲपवर पडून होते. मग 18 जुलै 2024 ला बातमी आली की वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे 23 कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. पैसे काढणं बंद झालं आणि लोक महिनोन् महिने ताटकळले. काकांचं खातं तिथे नव्हतं. तरी त्या रात्री ते जेवले नाहीत. पैसे आपले आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं.

त्यांनी हार्डवेअर वॉलेट मागवलं, तेही थेट बनवणाऱ्या कंपनीकडून. बाजारात स्वस्त मिळत होतं, कुणी वापरलेलंही द्यायला तयार होता. काकांनी ते घेतलं नाही. खोक्यात शब्द आधीच छापलेला कागद घालून विकलेली वॉलेट्स परदेशात सापडली आहेत. घेणारा तेच शब्द वापरून पैसे आत टाकतो आणि विकणारा ते शांतपणे उचलतो. काकांच्या खोक्यात कोरा कागद निघाला. तो कोरा आहे याची त्यांनी उजेडात धरून दोनदा खात्री केली.

पेनड्राइव्हएवढं यंत्र, बोटभर पडदा, दोन बटणं. नाणी त्यात नसतात. नाणी असतात जगभर पसरलेल्या एका सामाईक खातेवहीत, आणि यंत्रात असते ती फक्त सही करायची किल्ली. ती किल्ली माणसाला कागदावर उतरवता यावी म्हणून 2013 साली एक पद्धत ठरली. त्यात 2048 इंग्रजी शब्दांची यादी आहे, ‘अबँडन’पासून ‘झू’पर्यंत. त्यातले बारा किंवा चोवीस शब्द यंत्र स्वतः निवडतं. ते शब्द, त्याच क्रमाने, ज्याच्या हाती तो मालक. यंत्र फुटलं, हरवलं, चोरीला गेलं तरी शब्द असले की दुसऱ्या यंत्रात सगळं परत उभं राहतं. ही यादी जपानीत आहे, फ्रेंचमध्ये आहे, चेकमध्येही आहे. मराठीत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या काकांनी ठळक इंग्रजी अक्षरं गिरवायची आठवडाभर सवय केली.

शब्द उतरवायचा दिवस रविवार होता. काकांनी पडदे ओढले. घरातले दोन्ही फोन आणि माझाही फोन आतल्या खोलीत नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवले. टीव्हीचं बटण भिंतीतून बंद केलं. काकूंनी विचारलं, “अहो, पूजा मांडलीय का?” काका म्हणाले, “तसंच समज.”

त्याआधी मी चूक केली होती. मी म्हटलं होतं, “काका, लिहीत कसले बसता, फोटो काढू, दोन सेकंदांचं काम.” मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. पुढे 2025 च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा व्हायरस उघड केला. नेहमीच्या ॲप स्टोअरवरच्या ॲपमधून शिरून तो फोनमधले फोटो चाळायचा, फोटोतली अक्षरं वाचायचा आणि नेमके हे शब्द शोधून पाठवून द्यायचा. काकांना हे तेव्हा माहीत असणं शक्य नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की कारखान्यात गुप्त नकाशाचा फोटो कुणी काढत नाही.

त्यांनी पेन्सिल घेतली, कारण शाई ओलीने पसरते. चष्मा पुसला. पडद्यावर एक शब्द यायचा, ते तो ओठांनी पुटपुटायचे, आवाज न करता, आणि अक्षर अक्षर लिहायचे. मला समोर बसू दिलं नव्हतं. मी दारात पाठ करून उभा होतो आणि पेन्सिलची करकर ऐकत होतो. चोवीस शब्दांना अर्धा तास लागला. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत पडताळा, आणि त्यानंतर उलटीकडून, चोविसाव्यापासून पहिल्यापर्यंत.

यंत्राने दाखवलेला पहिला पत्ता त्यांनी वहीत लिहून घेतला. पत्ता उघडा असला तरी चालतो, तो पैसे घेण्यापुरता. आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून काकूंनी कपाळाला हात लावला. पिन मुद्दाम चुकीचा टाकला. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्या यंत्रात तिसऱ्या चुकीला सगळं पुसलं जातं. तसं ते पुसलं गेलं, कोरं झालं.

“आत्ता तर एवढं केलंत, आणि पुसलंत?”

“आत पैसा नाही तोवरच पुसायचं. नंतर पुसलं गेलं तर काय होतं ते आजच बघून घेतो.”

परत चोवीस शब्द, या वेळी दोन बटणांनी, एकेक अक्षर निवडत. पाऊण तास. शेवटी यंत्राने पत्ता दाखवला. काकांनी वही शेजारी धरली. तोच पत्ता. माझ्या पाहण्यात अनेकांनी हे यंत्र घेतलं, चांगले शिकले-सवरलेले लोक. त्यातल्या कुणीही हे केलेलं नाही. कागदावरचं अक्षर ‘एन’ आहे की ‘एम’, हे त्यांना यंत्र बिघडल्यावर कळणार आहे. पुसून पाहण्याचा हा वेडेपणा मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. कारण तो अगदी फुकट आहे, आणि तो करायची वेळ एकदाच येते.

कागदाला कमी लेखू नये. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन थॉमस हे पट्टीचे प्रोग्रामर. त्यांची 7002 बिटकॉइनं एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये अडकली. त्याचा पासवर्ड ज्या कागदावर लिहिला होता तो कागद हरवला. दहा प्रयत्नांची मुभा, 2021 साली बातमी आली तेव्हा आठ संपले होते. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून पूर्वेच्या भिंतीवर हात ठेवून आले.

ओलीवर उपाय म्हणून त्यांनी रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतून स्टेनलेस स्टीलच्या दोन पट्ट्या आणल्या आणि लेटर पंचचा संच विकत घेतला. वर्कशॉपवाला म्हणाला, मजकूर द्या, मशीनवर कोरून देतो, सुबक होईल. काकांनी नकार दिला. यादीतल्या कोणत्याही शब्दाची पहिली चार अक्षरं दुसऱ्या शब्दाशी जुळत नाहीत, तशीच ती यादी रचलेली आहे, म्हणून चार अक्षरं ठोकली की पुरतं. चोवीस चोक शहाण्णव. काही शब्द तीनच अक्षरी असतात, तेवढे घाव वाचतात. मागच्या अंगणात लोखंडी ठोकळ्यावर पट्टी धरून, डाव्या हाताच्या दोन बोटांत पंच उभा पकडून, त्यांनी एकेक अक्षर एकाच घावात उठवलं. दुसरा घाव घातला तर अक्षर दुहेरी होतं, हे फिटरलाच ठाऊक. स्टेनलेस वितळायला 1400 अंशांच्या आसपास उष्णता लागते, घराच्या आगीत ती पट्टी टिकेल. ओलीचा तर प्रश्नच नाही. अक्षरं ओळीत नाहीत, ‘आर’ थोडा कलला आहे. पट्टी देखणी नाही, पण वाचता येते.

एक पट्टी अधारतालला, दुसरी दूरच्या गावी बँकेच्या लॉकरमध्ये. एका भाच्याने सुचवलं होतं, बारा शब्द इथे ठेवा, बारा तिथे, चोराला अर्धेच मिळतील. काका म्हणाले, “आणि माझं एक अर्धं हरवलं तर मलाही अर्धंच मिळेल.” त्यांनी दोन्हीकडे पूर्ण ठेवलं.

दुसरा सल्ला असा होता की एखाद्या जाणकारालाच सांभाळायला द्यावं. पण पुण्यात 2018 च्या बिटकॉइन फसवणूक प्रकरणात तपासाला मदत करायला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञ घेतले होते. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली. न्यायालय काय ते ठरवील. काकांनी मात्र जाणकार शोधणं सोडून दिलं आणि स्वतः जाणकार व्हायला घेतलं.

पैसे हलवताना पहिल्यांदा अगदी किरकोळ रक्कम पाठवली. फी दोनदा भरावी लागली, ती भरली. काकांच्या पत्त्यात 42 अक्षरं-अंक होते. काकू संगणकाच्या पडद्यावरून मोठ्याने वाचायच्या, “बी, सी, एक, क्यू...” आणि काका यंत्राच्या छोट्या पडद्यावर बोट ठेवून “हं” म्हणायचे. बेचाळीस वेळा “हं”. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं पाहून लोक पुढे जातात. म्हणूनच चोर तेवढीच अक्षरं जुळवलेला खोटा पत्ता पुढे करतात, किंवा कॉपी केलेला पत्ता चिकटवताना बदलून टाकणारा व्हायरस पेरतात. वझीरएक्सच्या चोरीतही सह्या करणाऱ्यांपाशी अशीच यंत्रं होती. कंपनीच्याच म्हणण्यानुसार मोठ्या पडद्यावर एक व्यवहार दिसत होता आणि सही भलत्याच मजकुरावर झाली. 21 फेब्रुवारी 2025 ला बायबिट एक्स्चेंजवरून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले, तेही याच वाटेने. तिथे बेचाळीसदा “हं” म्हणायला कुणी बसलं नव्हतं.

मध्यंतरी काकांना फोन आला. सर, तुमच्या वॉलेटचं अपडेट राहिलंय, चोवीस शब्द पडताळायचे आहेत. बोलणारा त्यांना नावाने हाक मारत होता. नाव-पत्ता बाहेर जातो, ते आता नवलाचं राहिलेलं नाही. 2020 साली अशी यंत्रं बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या सुमारे 2,72,000 ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर फुटले, आणि पुढे काहींच्या घरी टपालाने बनावट यंत्रंही आली. काकांनी “राँग नंबर” म्हणून फोन ठेवला. हे शब्द कंपनी कधीही विचारत नाही, कुठल्याच कारणासाठी नाही.

एवढं होऊनही काकांचं काम संपलं नव्हतं. बँकेच्या ठेवीला नॉमिनी लावता येतो, या यंत्राला तशी सोय नाही. त्यांनी एलआयसीच्या कागदांत मराठीत दोन पानी पत्र ठेवलं. हे यंत्र काय आहे, पट्ट्या कुठे आहेत, विकताना नफ्यावर 30 टक्के कर कसा लागतो, आणि कुणाला काही विचारू नये. पत्रात चोवीसपैकी एकही शब्द नाही. मग त्यांनी सरावासाठी आणलेलं दुसरं, कोरं यंत्र काकूंच्या पुढ्यात ठेवलं.

काकूंना तीन दुपारी लागल्या. पहिल्या दोन्ही दिवशी चोविसाव्या शब्दानंतर यंत्राने शब्द चुकीचे आहेत असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा काका बाहेर ओसरीत बसले होते, आतून फक्त बटणांचा टकटक आवाज येत होता. त्यांनी न राहवून दारातून विचारलं, “सोळावा बघितलास का?”

“तुम्ही बोलू नका,” काकू आतून म्हणाल्या. “तुम्ही नाहीत असं धरून चाललेय मी.”

काका परत खुर्चीत बसले.