भावी

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ अकरा, म्हणून आमदारही अकराच. भावी आमदारांची शिरगणती मात्र अजून कुणाला जमलेली नाही. बार्शीत ते गल्लीगणिक आहेत, करमाळ्यात वाडीगणिक. अक्कलकोटात ते कन्नडमध्येही भावी आहेत, आणि सोलापूर शहरात तर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर फोटोच्या डोक्यावर लाल अक्षरांत ‘भावी आमदार’ छापून घेणारा हा माणूस कुणी एक नव्हे. म्हणून त्याचं नाव विचारू नये. ते नुसते ‘भावी’. घरचे सोडून सगळे त्यांना ‘अण्णा’ म्हणतात; आपणही तेच म्हणू.

अण्णांचा शर्ट पांढरा, कडक इस्त्रीचा. खिशातून मोबाइल अर्धा बाहेर डोकावत असतो, कारण पक्षश्रेष्ठींचा फोन कधीही येऊ शकतो. सात रस्ता चौकात चहा घेताना त्यांचं तोंड नेहमी रस्त्याकडे. ओळखीचा दिसला की नमस्कार, अनोळखी दिसला की जास्त वाकून नमस्कार. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला ते बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मागे चालतात, तेव्हा सिद्धेश्वर आणि मतदार एकाच नमस्कारात उरकतात. शहरात कुणाची तिरडी बांधली जात असल्याची बातमी घरच्यांआधी त्यांना लागते. खांदा द्यायला ते पुढे असतात, आणि चितेला अग्नी दिल्यावर दोन शब्द बोलायलाही.

जन्मदाखल्यावर काहीही असो, अण्णांचा राजकीय जन्म १९९५चा. त्या वर्षी महाराष्ट्राने ४५ अपक्ष निवडून दिले आणि युतीचं सरकार त्यांच्या टेकूवर उभं राहिलं. अपक्षाच्या दारात लाल दिव्याची गाडी येते, हे अण्णांनी पेपरात वाचलं. पण त्याहून मोठा चमत्कार त्यांच्याच जिल्ह्यात घडला. सांगोल्यात शेकापचे गणपतराव देशमुख हरले. त्यांना काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी १९२ मतांनी पाडलं.

“एकशे ब्याण्णव! एवढी मतं तर आपल्या वाड्यात हैत की बे!” अण्णा म्हणाले. स्वतः त्याच निवडणुकीत अडीचशे रुपये अनामत भरून ते अपक्ष उभारले होते. वाड्यात मतं होती, यात खोटं नव्हतं. ती अण्णांना पडली नाहीत, एवढंच.

पुढच्याच वर्षी कायदा बदलला. अनामत अडीचशेवरून पाच हजार झाली आणि अपक्षाला दहा सूचक आणायची सक्ती आली. हौशी उमेदवारांची गर्दी हटवण्यासाठी दिल्लीत केलेला हा कायदा खास आपल्याला अडवायला केलाय, याबद्दल अण्णांना आजही शंका नाही. पुढे अनामत दहा हजार झाली, तेव्हा ती खात्री पक्की झाली. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली तर ही रक्कम परत मिळते. शाळेत अपूर्णांकांनी अण्णांना फार छळलं. राजकारणात हा एकच अपूर्णांक त्यांच्या मागे लागला, आणि तोही त्यांना कधी सुटला नाही.

अण्णांची पक्षनिष्ठा हा पेठेतल्या कट्ट्यांवर चघळला जाणारा विषय आहे. त्यावर त्यांचं म्हणणं साधं आहे: “मी कुठं गेलो? पक्षच इकडंतिकडं गेले.” आणि हिशेब मांडला तर त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. १९९९ला काँग्रेस फुटून राष्ट्रवादी निघाली. तिकिटाची दारं एकाची दोन झाली, अण्णा दोन्ही दारांत उभे राहून आले. २००९ला मतदारसंघांची पुनर्रचना झाली, शहर दक्षिण नकाशावरून गेला आणि शहर मध्य नावाचा नवा मतदारसंघ आला. अण्णा घरात सोप्यावर बसूनच होते, मतदारसंघच उठून गेला. २०१४ला युतीही तुटली, आघाडीही तुटली, चारही मोठे पक्ष सुटेसुटे लढले. उमेदवारांचा इतका दुष्काळ पडला की अण्णांना तिकीट मिळतं की काय, अशी भीती त्यांच्या घरच्यांना वाटली. आणि २०२२-२३मध्ये तर आधी शिवसेनेच्या, मग राष्ट्रवादीच्या दोन-दोन झाल्या. त्या काळात अण्णांनी पक्ष बदलला नाही. सकाळी ज्या पक्षात चहा घेतला, तो संध्याकाळपर्यंत दुसराच झाला होता.

या साऱ्या प्रवासाचा दस्तऐवज त्यांच्या माळ्यावर आहे. एका जुन्या सोलापुरी चादरीच्या गाठोड्यात भगवी, तिरंगी, हिरवी, निळी, लाल अशी सगळी उपरणी घडी घालून ठेवलेली आहेत. दसऱ्याला वहिनी ती उन्हात घालतात. त्या दिवशी शेजारच्यांना वाटतं, अण्णांकडे सर्वपक्षीय बैठक आहे.

अण्णांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा काळ गेला एबी फॉर्मची, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाची, वाट बघण्यात. अर्जाच्या शेवटच्या दिवशी तीन वाजता दार बंद होतं. अडीच वाजता अण्णा निवडणूक कार्यालयाच्या फाटकाशी, एका कानाला मोबाइल लावून. “निघालाय म्हणतात. मोहोळ ओलांडलंय म्हणतात.” फॉर्म कुठून कुठे निघालाय, हे फक्त अण्णांना ठाऊक असतं. पावणेतीनला खिशातून अपक्षाचा अर्ज निघतो. तो त्यांनी आधल्या रात्रीच भरून ठेवलेला असतो. २०२४ला सोलापूर दक्षिणमध्ये काँग्रेसच्या यादीत दिलीप माने यांचं नाव झळकलं, पण एबी फॉर्म काही हाती आला नाही. तिथे आघाडीचे अधिकृत उमेदवार उद्धव सेनेचे अमर पाटील, आणि मतदान सुरू असताना काँग्रेसच्या शिंदे पितापुत्रीने पाठिंबा जाहीर केला तो अपक्ष धर्मराज काडादींना. निवडून आले भाजपचे सुभाष देशमुख. हे सगळं बघून जिल्हा चक्रावला. अण्णा तेवढे शांत होते. “बघा, माझ्याबरोबर हे तीस वर्षं व्हतंय. आता मोठ्यांबरोबर व्हायलंय, एवढंच.”

चिन्हाबाबत मात्र ते फार हळवे आहेत. कपबशी, शिट्टी, रोड रोलर, गॅस सिलिंडर, सगळी घेऊन झाली. २०२४च्या लोकसभेला माढ्यात एका उमेदवाराला ट्रम्पेट मिळालं, आणि शरद पवारांच्या पक्षाच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’शी गफलत होऊन म्हणा, कशी म्हणा, त्याला पन्नास हजारांहून अधिक मतं पडली. अण्णांनी त्या आठवड्यात जेवण सोडलं. पन्नास हजार मतं नुसत्या वाद्यावर! तीस वर्षं आपण तोंडाने बोलत राहिलो.

निकालानंतरचे अण्णा अधिक बघण्यासारखे. दुसरे पडलेले उमेदवार महाबळेश्वरला जातात. अण्णा फॉर्म २० मिळवतात, म्हणजे केंद्रवार मतांचा तक्ता, आणि चष्मा लावून तो वहीत उतरवतात. कुठल्या केंद्रावर किती, नोटापेक्षा कुठे कमी, सासुरवाडीच्या केंद्रावर शून्य कसं. तीस दिवसांत निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, नाही तर तीन वर्षं अपात्र ठरायची टांगती तलवार. तिकडे खर्चाची मर्यादा चाळीस लाख. अण्णांच्या हिशेबात चहा, रिक्षाला बांधलेला भोंगा, कार्यकर्त्यांची कडक भाकरी नि शेंगाचटणी. हा हिशेब ते पहिल्या आठवड्यातच देऊन टाकतात. पुढच्या वेळी अडचण नको.

आपण म्हणावं, अण्णा, पुरे झालं आता. गणपतरावांकडे बघा. १९६२पासून एक मतदारसंघ, एक पक्ष, अकरा वेळा आमदार. अण्णा हात जोडतात. “देवमाणूस. पण १९९५ला हरलेच की.” बरं, माकपच्या आडम मास्तरांकडे बघा. १९७८, १९९५, २००४ असे तीनदा निवडून आले. नंतर सलग चार विधानसभा हरले. पण तेवढ्यात कुंभारीला विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागदकाच वेचणाऱ्यांसाठी रे नगरची तीस हजार घरं उभी करायला घेतली. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान येऊन देऊन गेले. हरलेल्या माणसालाही काहीतरी करता येतं, अण्णा! अण्णा गंभीर होतात. “मास्तर घरं बांधत बसले, तिथंच चुकलं. तेवढ्यात बूथ बांधले असते तर?”

त्यांच्या या आशेचं मूळ पुन्हा सांगोल्यातच सापडतं. १९९५ला निवडून आलेले शहाजीबापू पुढे पडत राहिले, आणि २०१९ला, चोवीस वर्षांनी, शिवसेनेचं धनुष्य घेऊन ७६८ मतांनी पुन्हा आमदार झाले. २०२२ला गुवाहाटीहून त्यांचं ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ महाराष्ट्रभर गाजलं. २०२४ला ते पुन्हा पडले, ही गोष्ट अण्णा सांगत नाहीत. १९२ आणि ७६८, हे दोनच आकडे त्यांना पाठ. जिल्ह्यातल्या किती घरांतले दागिने या दोन आकड्यांपायी सराफाकडे गेले असतील, ते तिथल्या पेढ्यांना विचारावं. गणपतरावांनी जशी शेकापशी निष्ठा ठेवली, तशी अण्णांनी उमेदवारीशी ठेवली. पक्ष, चिन्ह, उपरणं, मित्र बदलले; उभारणं बदललं नाही. आणि मतदार पाच वर्षांतून एकदाच आठवणाऱ्यांच्या गावात, काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी महापालिकेत भांडायला दर वेळी हजर कोण, असं विचारलं तर उत्तर अवघड जातं. पडलेल्या अण्णांना पुढच्या मतांची गरज असते. निवडून आलेल्याला तेवढी घाई नसते.

सध्या अण्णांना नवा घोर आहे. २०२३च्या कायद्याने विधानसभेच्या एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव व्हायच्या आहेत. जनगणना आणि पुनर्रचना झाली की आपला मतदारसंघ त्यात गेला तर? अण्णांनी वेळ दवडला नाही. यंदाच्या फ्लेक्सवर त्यांच्या शेजारी वहिनींचाही फोटो आला, डोक्यावर पदर, हात जोडलेले. फ्लेक्स दाखवून ते वहिनींना म्हणाले, “उभारायची तयारी ठेवा.”

“उभारते की,” वहिनी उपरण्यांची घडी घालता घालता म्हणाल्या, “पण तुमच्या विरोधात.”

अण्णा दोन मिनिटं गप्प झाले. मग वही उघडून त्यांनी विचारलं, “मग सासुरवाडीचं केंद्र कुणाकडं धरायचं?”