कंपनीची कुंडली

मुलुंड पश्चिमेच्या एका 'ग्लोबल' कंपनीने मला गुंतवणुकीची सुवर्णसंधी देऊ केली. माहितीपत्रकावर दुबईतला टॉवर आणि टाय लावलेली माणसं. मी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर गेलो. कॅप्चा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा कुंडली उघडली.

कुंडलीच म्हणायची. ओळखक्रमांकच २१ घरांचा. पहिलं अक्षर यू, म्हणजे शेअर बाजाराचं तोंड न पाहिलेली. मध्ये एमएच हे माहेर, मग जन्मसाल. भरणा झालेलं भांडवल १ लाख. मुलुंडात एवढ्यात स्कूटर उभी करायची जागा मिळत नाही. (२०१५ पासून तर किमान लाखाची अटही गेली.) शेवटची वार्षिक सभा: रकाना कोरा. शेरा 'ॲक्टिव्ह'. म्हणजे नाव अजून खोडलेलं नाही, इतकंच. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त नावं खोडली, त्यातून ही निसटली असावी.

नोंदणीकृत पत्ता आमच्या शेजारच्याच सोसायटीतला निघाला. तिसरा मजला. कंपनी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दाराबाहेर नाव-पत्त्याची पाटी हवी, तीही स्थानिक लिपीत. दारावर शुभ-लाभ होतं, आतून कुकरची तिसरी शिट्टी. बेल वाजवली.

"डायरेक्टर आंघोळीला गेलेत," वहिनी म्हणाल्या. "दुधाचे पैसे ना?"

पोर्टलवरची ही प्राथमिक माहिती चकटफू आहे. चेक फाडण्याआधी बघून घ्या.