परसातल्या सासूबाई

आमच्या सासूबाई परसात राहतात. हे वाक्य सॅन होजेत कोणालाही ऐकवा, समोरचा कौतुकाने मान हलवतो आणि कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मागतो. तेच वाक्य फोनवर मिरजेला सांगून पाहा. परसात आपल्याकडे काय असतं? हौद, बंब, सरपण, शेवग्याचं झाड, आणि जुन्या वाड्यांत पार टोकाला जे असायचं ते. तिथे मुलाने आईला नेऊन ठेवलं, तेही अमेरिकेत, तेही स्वतः ऐसपैस घरात राहून! बातमी लक्ष्मी मार्केटपासून ब्राह्मणपुरीपर्यंत पोचायला एक दुपार पुरली. मावससासूबाईंनी मला फोन करून हळू आवाजात विचारलं, "अगं, पत्रा तरी गळत नाही ना?"

पत्रा नाही हो. दोन-अडीच लाख डॉलर गेलेत त्यात. पण हे मिरजेला सांगायची सोय नाही, कारण मग पुढचा प्रश्न 'एवढ्यात इकडे अख्खी गल्ली आली असती' हा असतो आणि तो प्रश्न नसतोच.

झालं असं, की कॅलिफोर्नियात माणसं फार आणि घरं कमी. तेव्हा तिथल्या विधिमंडळाने २०१६ साली, आणि मग २०१९ मध्ये जरा दम भरून, शहरांना बजावलं की कोणाला मागच्या अंगणात छोटं घर बांधायचं असेल तर आडवे येऊ नका. आठशे चौरस फुटांपर्यंत, सोळा फूट उंच, मागच्या आणि बाजूच्या हद्दीपासून चार फूट सोडून बांधत असेल तर नाही म्हणायचं नाही. आणि अर्ज पूर्ण झाल्यापासून साठ दिवसांत निकाल द्यायचा. नवऱ्याने हे आईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास बसेना.

"साठ दिवसांत? नगरपालिका?"

"हो."

"मग त्यांचं भागतं कसं?"

आमच्या आर्किटेक्टने घर काढलं ते ७४९ चौरस फुटांचं. कारण साडेसातशेच्या आतल्या घराला रस्ते, बागा वगैरेंसाठीचं विकासशुल्क लावता येत नाही. आईंनी आकडा पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बाटाच्या चपलेची किंमत वाटते."

इथे सांगायला हवं, की आईंनी मिरजेच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्या त्या शाळेतून, गणितातून नाहीत. पाव इंचाला एक फूट या प्रमाणातले नकाशे त्यांच्या हाती पडले आणि घरात लाल शाईचा पेन शोधला जाऊ लागला. महापालिकेच्या तपासनिसाने दुरुस्त्यांची यादी पाठवली, तेव्हा त्यातल्या दोन चुकांभोवती आमच्या प्रतीवर आधीच लाल वर्तुळं होती. दार कोणत्या बाजूला हवं, असं आर्किटेक्टने विचारलं. मला वाटलं, आता पूर्व-पश्चिम निघणार. आई म्हणाल्या, "यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसेल असं." आर्किटेक्टने नकाशावर तिथे 'व्ह्यू' असं लिहिलं.

आता मुद्द्याचं. या कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम स्वयंपाकघराचं आहे. परसातल्या घरात राहायची, झोपायची, खायची, न्हाण्याधुण्याची आणि स्वयंपाकाची कायमची सोय हवी. नाहीतर ते घर धरलंच जात नाही. म्हणजे वेगळी चूल सक्तीची! आमच्या घराण्यात शेवटची चूल वेगळी झाली ती थोरल्या चुलतसासऱ्यांची, आणि त्या घरी अजून फक्त लग्नपत्रिका जातात. इथे सरकार म्हणतं, चूल वेगळी दाखवा, मगच शिक्का मारतो. हे कलम लिहिणाऱ्याच्या घरी नक्कीच एका ओट्यापाशी दोन बायका उभ्या राहत असणार.

पूर्वी आई व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी यायच्या. ही सहा महिन्यांची मुदत ज्याने ठरवली, त्यालाही ओट्याचा अनुभव असावा. पहिला महिना मी म्हणायची, "आई, तुम्ही बसा हो." दुसऱ्या महिन्यात त्या म्हणायच्या, "अगं, तू बस." चौथ्यात दोघी उभ्या असायच्या आणि कोणीच काही म्हणत नसे. मी मिसळणाचा डबा उजवीकडे ठेवायची, सकाळी तो डावीकडे. भांडण नाही, आवाज नाही, नुसता डबा फिरायचा. सहाव्या महिन्यात विमानतळावर दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते खरं असायचं, हेही सांगते. मग सासरे गेले. नवरा अमेरिकन नागरिक, आणि नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीनकार्डाच्या वार्षिक संख्येची मर्यादा नाही. भावंडांनी मात्र वर्षानुवर्षं रांगेत उभं राहावं. आई कायमच्या येणार असं ठरलं आणि सगळ्यात आधी मी मिसळणाचा दुसरा डबा विकत आणला.

बांधकाम सुरू झालं तशा आई खुर्ची टाकून समोर बसल्या. दगडविटांच्या वाड्यात वाढलेल्या बाईला लाकडाचा सांगाडा पाहून धक्का बसेल, अशी नवऱ्याला धास्ती. भूकंपाच्या प्रदेशात हलकं, लवचीक लाकूड बरं असतं, हे भाषण त्याने तयार ठेवलं होतं. ते वायाच गेलं. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आई शाळकरी होत्या. पहाटे मिरजेची भांडी फळीवरून खाली आलेली त्यांनी पाहिली होती. "दगड अंगावर येतो, लाकूड निदान आधी करकरतं," म्हणाल्या आणि मान्यता दिली.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. सुतार ज्याला 'टू बाय फोर' म्हणतात तो वासा आईंनी टेप लावून मोजला. दीड बाय साडेतीन भरला. दुसरा मोजला, दीड बाय साडेतीन. आईंनी कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं. तो बिचारा सांगू लागला की सगळ्या अमेरिकेत असंच आहे, नाव ओल्या, न रंधलेल्या लाकडाचं, माप सुकून रंधल्यावरचं. आईंनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "त्याला सांग, मी चाराला साडेतीन लिहिणाऱ्या मुलांना पास केलेलं नाही." मी याचं भाषांतर 'ती थँक्यू म्हणते आहे' असं केलं.

न्हाणीघरात दार तीन फुटी, उंबरा नाही, भिंतीला आधाराच्या दांड्या. टाइल लावायच्या आधी दांड्यांमागे आत लाकूड ठोकून घ्यावं लागतं. नाहीतर माणूस धरायला जातो आणि दांडी हातात येते. आई म्हणाल्या, "मी काय म्हातारी आहे?" दांड्या ठेवल्या. सध्या त्यांवर ओली पातळं वाळतात.

खरी फजिती शेगडीची. आमच्या वेळच्या सॅन होजेच्या नियमाने अशा नव्या घराला गॅसची जोडणी मिळत नव्हती, म्हणून इंडक्शन बसवली. तिच्यावर चुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. आईंनी आमच्या फ्रिजवरचा गोल्डन गेट पुलाचा चुंबक काढला आणि मिरजेहून वजन भरून आणलेल्या भांड्यांची तोंडी परीक्षा घेतली. पितळी पातेली नापास. ॲल्युमिनियमचा कुकर नापास. स्टीलची काही काठावर. बिडाचा तवा पहिल्या वर्गात पास. इथपर्यंत ठीक होतं. पण भाकरी? तव्यावर भाजलेली ज्वारीची भाकरी शेवटी जाळावर टाकल्याशिवाय टम्म फुगत नाही, आणि काचेखाली जाळ कुठून यायचा? आईंनी कापडाने दाबून पाहिली, झाकण ठेवून पाहिलं. चपटी ती चपटीच. तेव्हापासून रोज संध्याकाळी तवा सांडशीत धरून एक बाई परसातून येतात, आमच्या गॅसवर भाकऱ्या फुगवतात, आमटीच्या पातेल्याचं झाकण उचलून आत पाहतात, काही बोलत नाहीत आणि परत जातात. कलम लिहिणाऱ्याने गॅसचा विचार केला नव्हता.

हद्दीलगत सोडलेल्या चार फुटांच्या पट्टीत त्यांनी अळू लावलं. कुंपणापलीकडे व्हिएतनामी कुटुंब, त्यांच्याही परसात आजी. सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती मोठी, आणि त्यांच्या आंबट सूपात अळूसारखे देठ घालतात. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरी बोलते ते फक्त गणिताच्या पुस्तकातलं. तरी वाटणी ठरली आहे: पानं इकडे, देठ तिकडे. बदल्यात लिंबं येतात. या व्यवहारात आम्हांला कोणी विचारलेलं नाही.

पहाटे त्यांच्याकडे दिवा लागला की नाही, हे आम्ही खिडकीतून पाहतो. गुडघे कुरकुरतात, वय झालं आहे, म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. आमचा दिवा रात्री किती वाजता मालवतो हे त्या पाहतात, आणि सकाळी त्यावर बोलतात. त्यांचं घर लहान म्हणून आम्ही आधी फोन करून जातो. आमचं मोठं, म्हणून त्या तशाच येतात.

मध्यंतरी नवऱ्याने वर्तमानपत्रातली एक बातमी जेवताना सांगितली. परसातलं घर मूळ घरापासून वेगळं विकता यावं असा कायदा राज्याने २०२३ मध्ये केला आहे. शहराने स्वीकारला तरच तो लागू होतो, आणि २०२४ मध्ये सॅन होजेने राज्यात सगळ्यांच्या आधी स्वीकारला. म्हणजे आता हे घर कागदोपत्री वेगळं काढून कोणालाही विकता येईल. तो सहज बोलला. आई मात्र भाकरी मोडायच्या थांबल्या.

"मोठंही तसंच वेगळं विकता येतं?"

"येईल की."

"मग विकायची वेळ आलीच तर मोठं विका," आई म्हणाल्या. "मी इथे बरी आहे."

मी कायदा वाचून पाहिला. बसतं त्यात.