कक्ष आहे, कडी नाही

डिसेंबर २०२२. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या, तेव्हा कुठे विधान भवनात लगबगीने बाळाला पाजण्यासाठीचा हिरकणी कक्ष उघडला. पुढच्या अधिवेशनात, मुंबईत, कक्ष होता. सोबत धूळही होती. ही झाली आमदारांची गोष्ट. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कचेरीतली लिपिक दूध काढायचा पंप घेऊन रेकॉर्ड रूममध्ये शिरते, दाराला खुर्ची लावते, आणि नेमकी तेव्हाच कोणाला तरी १९९८ची फाइल हवी असते. ‘थांबा न भाऊ, पाच मिनिटं!’ मग बाटली फ्रिजमध्ये, चहाच्या दुधाशेजारी. वर चिठ्ठी: ‘हात लावू नये’. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने सांगितलं. त्या दुरुस्तीची फाइल मात्र अजून कोणी मागितलेली नाही.