अंगठीचा कस

विवाहाच्या अंगठीतील सोन्याचा कस कॅरटमध्ये मोजण्याची सोय झालेली असली, तरी ती घालणाऱ्या नवऱ्याच्या ऐटीसाठी अद्याप कोणतेही माप निघालेले नाही. २४ कॅरटचे, म्हणजे बोलीत ज्याला बावनकशी म्हणतात ते निर्भेळ सोने दागिन्यासाठी फार मऊ पडते, म्हणून त्यात तांबे, चांदी यांचे हीण मिसळतात, ९१.६ टक्के सोने असलेला दागिना २२ कॅरटचा ठरतो आणि त्यावर ‘९१६’ हा शिक्का बसतो. प्रस्तुत लेखकाच्या अंगठीवर हा शिक्का आतल्या बाजूस असल्याने कोणाला दिसत नाही, ही उणीव लेखक बोलण्याच्या ओघात भरून काढीत असतो. प्लॅटिनम सोन्याहून जड भरते, पांढऱ्या सोन्यावरील ऱ्होडियमचा मुलामा कालांतराने झिजतो, आणि टंगस्टन कार्बाइड इतके कठीण असते की बोट सुजल्यास अंगठी कापण्याऐवजी दाब देऊन फोडावी लागते.

लेखकाचे विशेष प्रेम मात्र लोखंडावर आहे. अर्थात दुसऱ्याच्या बोटातील लोखंडावर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी नोंदवतो की, त्याच्या काळातही वाग्दत्त वधूला खड्याविना लोखंडी अंगठी पाठवीत असत. पुढे सोने आले आणि सोन्यामागोमाग सरकारही आले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी १८१३ मध्ये प्रशियाच्या राजकन्या मारियाने यांनी आवाहन करताच लोकांनी सोन्याच्या अंगठ्या देऊन लोखंडी घेतल्या, आणि काही काळ लोखंडच प्रतिष्ठेचे ठरले. इटलीने इथिओपियावर चढाई केल्यानंतर १८ डिसेंबर १९३५ रोजी रोममध्ये राणी एलेना यांनी स्वतःची विवाहाची अंगठी राष्ट्राला अर्पण केली, आणि असंख्य इटालियन स्त्रियांनी त्यांचे अनुकरण करून बदल्यात पोलादी अंगठ्या स्वीकारल्या. लोखंडाचे हे प्रकरण एवढ्यावर थांबवणे विषयाला धरून झाले असते. परंतु हा सरकारी हात भारतातही पोहोचला होता. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्णनियंत्रणाच्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास मनाई केली, म्हणजे दागिन्यात सोने सुमारे ५८ टक्केच राहिले. ग्राहकाने नाक मुरडले आणि पिढ्यान्‌पिढ्या बागेसरीपुढे, म्हणजे सोनारी शेगडीपुढे, बसलेल्या सोनारांच्या हातचे काम गेले. कित्येकांना कुटुंबासह उपासमार सोसावी लागली, आणि त्यांच्याविषयी लिहिताना विनोदाला फारसा वाव उरत नाही.

मराठी लग्नात विवाहाचा पुरावा वधूच्या अंगावर जागोजागी असतो: गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, पायात चांदीची जोडवी. वराची अंगठी हा पुरावा नसून सासऱ्याने केलेला जावयाचा मान असतो, आणि तो काढून ठेवल्यास कोणी चौकशी करीत नाही. स्त्रीधन, म्हणजे ज्यावर केवळ स्त्रीचाच हक्क मानला जातो ते धन, प्रत्यक्षात मात्र घराच्या प्रत्येक अडचणीत पहिल्यांदा तारण जाते. लेखकाची अंगठी इतकी वर्षे अभंग राहिली, याचे श्रेय तो २२ कॅरटच्या टिकाऊपणाला देत आला आहे; वस्तुतः घराच्या कर्जासाठी पत्नीच्या पाटल्या गेल्या म्हणून ती राहिली, आणि तिने हे कधी बोलून दाखवले नाही, हे त्या ९१.६ टक्क्यांच्या हिशेबात बसत नाही. अलीकडे सोन्याचा भाव पाहून, अंगठी मोडून ते सोने नव्या पाटल्यांत घालावे, असे तिने सुचवले. तेव्हा आजवर प्रत्येक दागिन्याचे मोल ग्रॅम व कॅरटमध्ये सांगणाऱ्या या अभ्यासकाने, विवाहाच्या अंगठीचे मोल भावनेत असते, धातूत नव्हे, असा सिद्धान्त तत्काळ मांडला. त्यावर, मग लोखंडाची करून घ्यायला हरकत नसावी, असा प्रतिवाद पत्नीने केला, आणि तो अद्याप अनुत्तरित आहे.