अंगठा मागणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
मा. शाखाधिकारी साहेब,
(बँकेचं नाव लिहीत नाही, ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील)
उलवे, ता. पनवेल, जि. रायगड

विषय : माझ्या पैशांपासून माझं रक्षण केल्याबद्दल आभार.
संदर्भ : रिझर्व्ह बँकेचं दि. ४ जून २००८ चं परिपत्रक, जे आपल्या शाखेत पोहोचायचं आहे.

महोदय,



चेकबुक आणि एटीएम कार्ड मागायला आलो तेव्हा आपण दाखवलेल्या आपुलकीने अजून भारावलेला आहे. खातं माझं, अर्ज माझा, समोरच्या खुर्चीत मी, आणि आपण माझ्या बायकोला विचारलंत, "मॅडम, यांचं काय काम होतं?" ती म्हणाली, "त्यांनाच विचारा." तरी पुढचे प्रश्नही तिलाच. साहेब, माझे डोळे अधू आहेत. कान शाबूत आहेत.

मग टेबलावरून काहीतरी घासत माझ्याकडे आलं आणि शाईचा वास आला. "इथे अंगठा द्या." माझ्या खिशात सही करायची पट्टी असते. जाड पुठ्ठ्याची, मध्ये सहीपुरती खिडकी कापलेली. ती कागदावर ठेवली की सही बरोबर ओळीवर बसते. ती बाहेर काढेपर्यंत आपल्या शिपायाने माझा अंगठा धरलाही होता. एम.ए. होऊन, बामणडोंगरीहून रोज लोकलने बेलापूरला नोकरीला जाऊन जे जमलं नव्हतं, ते आपण क्षणात करून दाखवलंत. मला अंगठाबहाद्दर केलंत.

"उद्या सह्या जुळल्या नाहीत तर?" ही आपली चिंता. रास्त आहे. पण गृहकर्जाच्या वेळी आपलाच माणूस घरी येऊन पानामागून पान उलटत माझ्या सह्या घेऊन गेला, तेव्हा त्या जुळल्या होत्या. दर महिन्याला हप्ता कापताना त्या जुळतात. एसएमएसचं शुल्क कापताना तर आपण साक्षीदारही मागत नाही. पैसे घेताना मी सज्ञान, शहाणा, जबाबदार नागरिक. माझेच पैसे मला देताना मात्र अजाण बालक.

आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं आपल्याकडे म्हणतात. मी चेकबुक मागितलं, आपण संयुक्त खातेदार देऊ केलात. "मॅडमचं नाव लावा, सगळं सोपं होईल." होईल ना. आपल्याला.

आणि हे सगळं म्हणे "तुमच्याच सुरक्षिततेसाठी". फोनवर ओटीपी सांगून बसलेले किती डोळस खातेदार आपल्या केबिनमध्ये रडून गेले असतील! त्यांच्यापैकी कितीजणांचं चेकबुक आपण काढून घेतलंत? कितीजणांना सांगितलंत, की यापुढे घरातलं शहाणं माणूस घेऊन या?

नंतर मी मोबाईल नाकाशी धरून मेसेज वाचला. माझी बाजूची नजर गेली आहे. नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं. त्यावर आपण उद्गारलात, "दिसतं की तुम्हाला!" आणि मला पुन्हा लांबलचक रांगेत पाठवलंत. म्हणजे आपल्या शाखेत मी सहीपुरता आंधळा आणि रांगेपुरता डोळस. अल्पदृष्टी नावाची काही अवस्था असते, हे आपल्या फॉर्मवर छापलेलं नसावं.

आता संदर्भाकडे वळू. त्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने लिहिलंय की दृष्टिहीन व्यक्ती करार करायला कायद्याने सक्षम आहे. चेकबुक, त्रयस्थांच्या नावे चेक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड, सगळं तिला भेदभाव न करता द्यायचं. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तेच सांगतो. त्याच्या तेराव्या कलमात आर्थिक व्यवहार स्वतःच्या हाती ठेवण्याचा हक्क आहे, इतरांच्या बरोबरीने. १ जुलै २०१४ पासून बसवलेलं प्रत्येक नवं एटीएम बोलकं हवं, असाही आदेश आहे. आपल्या दारातलं एटीएम मौनात आहे. हेडफोनच्या भोकात बोट फिरवलं तर नुसती धूळ हाताला लागली.

राहिला मोबाईलवरचा केवायसी. तिथे डोळे मिचकावायला सांगतात! त्यावरही ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि अमर जैन हे दृष्टिहीन वकील न्यायालयात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. पण आपल्या शाखेतलं उत्तर ठरलेलं : "सिस्टीम घेत नाही."

साहेब, आपण राहतो ते गाव कोणतं? नवी मुंबई विमानतळासाठी इथे उलव्याचा डोंगर कापला, उलवे नदीचं पात्र वळवलं. तेवढं हललं. आपल्या टेबलावरची एक सवय तेवढी जागची हलेना.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनाही २०१६ साली रेल्वेने दिसत नाही म्हणून नोकरी नाकारली होती. त्या पुन्हा यूपीएससीच्या परीक्षेला बसल्या, देशात १२४ व्या आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सब-कलेक्टर झाल्या. त्या उद्या खातं उघडायला आपल्याकडे आल्या, तर शाईचा डबा तयार ठेवा. त्यांच्या सहीने सरकारी आदेश निघतात, पण आपली खात्री पटायला हवी ना!

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रश्न मला विचारा. उत्तर मी देईन. सही मी करीन. माझ्या बायकोला यायचं असेल तर ती सोबत म्हणून येईल, पालक म्हणून नाही. आणि नकारच द्यायचा असेल तर कारणासह, सही-शिक्क्यानिशी, लेखी द्या. आपली सही जुळते का, ते मी बघून घेईन.

हे वाचणाऱ्या, माझ्यासारख्या खातेदारांनो, "आमच्याकडे तसा नियम आहे" असं कोणी म्हणालं की तो नियम कागदावर मागा. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याचे पैसे पडत नाहीत. पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालयही याचसाठी आहे. आणि सोबत गेलेल्या डोळस मंडळींनो, साहेबाने प्रश्न तुम्हाला विचारला तर उत्तर देऊ नका. "त्यांनाच विचारा," एवढंच म्हणा.

आपला,
एक अल्पदृष्टी खातेदार, उलवे
(सही स्वतः केली आहे)