पुरस्कारासाठी एक नाव सुचवतो

संकेतस्थळांना बक्षिसं देणाऱ्या तमाम निवड समित्यांच्या माननीय सदस्यांस,

सा. न. वि. वि.

पुरस्कारांचा हंगाम जवळ आला आहे. एका दुपारात ढीगभर संकेतस्थळं मोठ्या पडद्यावर पाहायची, गुणतक्ते भरायचे आणि पाचच्या आत सही करून मोकळं व्हायचं, हे काम सोपं नाही. आपला भार थोडा हलका व्हावा म्हणून एका सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळाची शिफारस करतो. नाव मुद्दामच घेत नाही. एक तर ते कार्यालय प्रसिद्धिपराङ्मुख आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांकसुद्धा संकेतस्थळावर सापडत नाही. शिवाय आपण दुसरं कुठलंही उघडलंत तरी बहुधा असंच काही निघेल.

मुखपृष्ठ आपल्याला आवडेलच. अर्धा पडदा मान्यवरांच्या छायाचित्रांनी व्यापला आहे, आणि कुणावर अन्याय नको म्हणून ती दर तीन सेकंदांनी सरकतात. त्याखाली सूचनांची पट्टी धावते. आपल्या कामाची सूचना दिसून तिच्यावर बोट ठेवेपर्यंत ती पुढे निघून जाते आणि बोटाखाली येते एखादी निविदा. शेजारी लाल अक्षरांत ‘नवीन’ लुकलुकतं. ते परिपत्रक २०१९ सालचं आहे. अक्षरं लुकलुकवायची सोय मुळात नेटस्केपच्या जमान्यातली. फायरफॉक्सनेही ती २०१३ मध्ये काढून टाकली. आमच्या उमेदवाराने हिंमत न हरता लुकलुकणारं चित्रच चिकटवून ठेवलं आहे. वारसा जपणं म्हणतात ते हेच.

पण गुणतक्त्यात ज्याला जागा नसते तो खरा ऐवज पुढे आहे, तो म्हणजे अर्ज. कृपा करून एकदा तो स्वतः भरून पाहा. इंग्रजीत नाव लिहिलं की शेजारच्या रकान्यात ते मराठीत आपोआप उमटतं. आपण काळे असाल तर ‘काले’ होता, पणशीकर असाल तर ‘पनशीकर’. दुरुस्त करायला जावं तर तो रकाना राखाडी, म्हणजे हात लावायचा नाही. मग जन्मतारीख. ती हाताने लिहू देत नाहीत, दिनदर्शिकेतूनच निवडायची, आणि दिनदर्शिका उघडते चालू महिन्यावर. मागे जायला एक बाण, एका टिचकीला एक महिना. सत्तर वर्षांच्या आजोबांना स्वतःच्या जन्मापर्यंत पोहोचायला ८४० टिचक्या लागतात. आयुष्याचं इतकं सावकाश सिंहावलोकन दुसरं कुठलं कार्यालय फुकटात घडवतं?

फोटो वीस ते पन्नास केबीतला हवा, सही दहा ते वीस. केबी कमी कसे करायचे हे लिहिलेलं नाही. नागरिकांच्या हुशारीवर विश्वास आहे. कॅप्चामध्ये शून्य आणि इंग्रजी ओ हे जुळे भाऊ. ओटीपी येईपर्यंत मुदत संपते. हे सगळं पार पाडून ‘सबमिट’ दाबलंच, तर वर लाल अक्षरांत ‘इनव्हॅलिड इनपुट’ असं झळकतं. कुठल्या रकान्यात, का, ते गुलदस्त्यात. खालचा अर्ज मात्र कोरा करकरीत. एका पोराचं गणित चुकलं म्हणून अख्ख्या वर्गाच्या पाट्या पुसायला लावणारे मास्तर असत, त्यांचंच हे घराणं. वर ‘मराठी’ असं बटण आहे, नाही असं नाही. ते दाबलं की मेनू मराठी होतो. चूक इंग्रजीतच राहते.

नियमच नसतील, अशी शंका आपल्याला येईल. आहेत की! केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आणली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत २००८ पासून लिहून ठेवलंय की आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांहून जास्त चालणार असेल तर तो थांबवायची सोय हवी, आणि चूक झाली तर ती कुठे झाली हे शब्दांत सांगायला हवं. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही आहे. आणि आमचा उमेदवार हे सगळं पाळणारा दिसतो! उजव्या कोपऱ्यात लहान-मोठ्या ‘अ’ची तीन बटणं आहेत, शेजारी स्क्रीन रीडरचा दुवा आहे. बटण दाबल्यावर मेनूची अक्षरं मोठी होतात, अर्जाची नाही. स्क्रीन रीडर प्रत्येक रकान्यापाशी थांबून ‘रिकामा’ एवढंच म्हणतो, कारण रकान्याला नाव जोडायचं राहून गेलंय. दृष्टिहीन माणसाने त्या रिकाम्या जागी काय भरायचं ते अंतर्ज्ञानाने ओळखावं. तक्त्यावर बरोबरची खूण करायला मात्र बटण असणं पुरतं.

याकोब नील्सन नावाचे एक डॅनिश तज्ज्ञ आहेत. जाणकारांनी पडदा कसा तपासावा याची पद्धत त्यांनी १९९० मध्ये रॉल्फ मोलिख यांच्याबरोबर मांडली. आज सगळीकडे फिरतात ती त्यांची दहा तत्त्वं १९९४ ची. आपले गुणतक्ते त्यांच्याच गोत्रातले असावेत. त्याच नील्सननी २००० साली लिहिलं, की पाच माणसांना बसवून काम करायला द्या, सुमारे ८५ टक्के अडचणी तेवढ्यात उघड्या पडतील. या आकड्यावर पुढे बरीच भांडणं झाली. पाच पुरे की पंधरा हवेत, हा वाद आपल्याकडे यायला अजून अवकाश आहे. इथे एकाला तरी बसवल्याचं ऐकिवात नाही. बरं, खर्च काही नाही. बघणाऱ्याने तेवढं गप्प राहायचं. “अहो काका, ते वर उजवीकडे आहे ना!” असं म्हणायचं नाही. समितीच्या सदस्यांना हे जड जाईल याची जाणीव आहे.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न असेल तर जवळच्या सेतू केंद्रात जा. रांगेतले पहिले पाच घ्या. आणि जमलं तर खिडकीमागच्या ताईंशेजारी तासभर बसा. इंग्रजी नाव लिहिल्यावर टॅब न दाबता माउसने खाली गेलं की मराठीचा रकाना उघडा राहतो, हे ताईंना ठाऊक आहे. दिनदर्शिकेतल्या सालावर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडते, हेही. पडद्यावर तशी पुसटशीसुद्धा खूण नाही. सर्व्हर कधी झोपतो, कुठल्या ब्राउझरमध्ये सही चढते, फोटो किती कापायचा, सगळं त्यांच्या बोटांत आहे. पैसे घेऊन त्या आमचे अर्ज भरतात, अर्ज कार्यालयात पोहोचतात, आणि इतके अर्ज ऑनलाइन आले म्हणजे संकेतस्थळ उत्तम चालतंय, असा अहवाल वर जातो. त्यातले किती नागरिकांनी स्वतः भरले, असं त्या अहवालाला कुणी विचारत नाही. ज्यांना जमलं नाही ते त्यात कुठेच नसतात.

तेव्हा पुरस्कार आमच्या उमेदवारालाच द्या, माझा आग्रह आहे. फक्त मंचावर तो घ्यायला ताईंना बोलवा.

कळावे,
आपला,
एक अर्जदार

ता. क. : शिफारशी ऑनलाइनच स्वीकारल्या जातील, असं आत्ता वाचनात आलं. पत्र पीडीएफमध्ये हवं, शंभर केबीच्या आत. उद्या सकाळी सेतूत जातो.